परतीचं तिकीट: आंतरराष्ट्रीय शाळा जन्मली कशी आणि कुणासाठी?

आजचा भाग शाळेबद्दल आहे, आणि विषय तुमच्या-आमच्या घरातला आहे. गावात, तालुक्याच्या ठिकाणी, हायवेच्या कडेला, जिकडे बघाल तिकडे एक पाटी असते: अमुक-तमुक इंटरनॅशनल स्कूल. आत शिकणारी सगळी मुलं पंचक्रोशीतली, शिकवणारे शिक्षक जिल्ह्यातले, आणि तरी पाटीवर 'इंटरनॅशनल'. आपण हसतो आणि पुढे जातो. पण त्याच शब्दाची दुसरी एक शाळा मुंबईत-पुण्यात असते. तिची वर्षाची फी ऐकून हसू येत नाही, घाम येतो. आणि तिथे आपलं मूल घालावं का, यावर घराघरांत रात्री उशिरापर्यंत चर्चा चालते.

तर आज एवढंच बघू, की हा 'आंतरराष्ट्रीय शाळा' नावाचा प्रकार मुळात आला कुठून? तो कुणाची अडचण सोडवायला निघाला होता? आणि आज आपण त्यासाठी पैसे मोजतो, तेव्हा आपलीही अडचण तीच असते का?

यासाठी आपल्याला जायचंय स्वित्झर्लंडमध्ये, जिनिव्हाला, १९२४ साली.

नोकरी नवीन, अडचणही नवीन

पहिलं महायुद्ध १९१८ मध्ये संपलं. पुन्हा असं होऊ नये म्हणून देशांनी मिळून राष्ट्रसंघ स्थापन केला आणि त्याचं मुख्यालय आलं जिनिव्हात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनाही तिथेच आली. त्यामुळे एक अशी नोकरी तयार झाली, जी त्याआधी जवळजवळ नव्हतीच. माणूस एका देशाचा, काम करणार सगळ्या देशांसाठी, आणि राहणार तिसऱ्याच देशात. बरं, ही बदली दोन वर्षांची की वीस वर्षांची, हेही कुणाला ठाऊक नाही.

आता या माणसांची मुलं शिकणार कुठे?

जिनिव्हाच्या सरकारी शाळा चांगल्या होत्या. पण त्या फ्रेंच भाषेतल्या, आणि स्विस मुलाला स्विस आयुष्यासाठी तयार करणाऱ्या. इंग्लंडमधून आलेल्या कारकुनाचं मूल तिथे चार वर्षं शिकलं आणि मग बापाची नोकरी संपली, तर ते मूल परत जाऊन कुठल्या इयत्तेत बसणार?

दुसरा मार्ग म्हणजे मुलाला मायदेशी बोर्डिंगमध्ये ठेवणं. ही पद्धत आपल्याला चांगली माहीत आहे. इंग्रजांच्या राज्यात इथे नोकरी करणारे साहेब लोक आपली सात-आठ वर्षांची मुलं बोटीत बसवून विलायतेला पाठवून द्यायचे. पुढची कित्येक वर्षं आई-बापांची गाठ फक्त पत्रांतून. साम्राज्याचा संसार असाच चालायचा आणि त्यात कुणाला फार वावगंही वाटत नसे.

जिनिव्हातल्या काही पालकांनी ठरवलं की आपल्याला हे नको. मूल संध्याकाळी घरी यायला पाहिजे, आणि उद्या परत जावं लागलं तर त्याचं वर्षही वाया जाता कामा नये. मंडळी, ही दोन वाक्यं लक्षात ठेवा. आंतरराष्ट्रीय डे स्कूल नावाची कल्पना याच दोन वाक्यांतून निघाली आहे.

आठ मुलं आणि एक लाकडी घर

या पालकांत दोन नावं महत्त्वाची. एक आर्थर स्वीटसर, अमेरिकन पत्रकार, राष्ट्रसंघाच्या माहिती विभागात काम करणारा. गंमत बघा, अमेरिका राष्ट्रसंघात कधी सामीलच झाली नाही, पण हा गडी तिथे नोकरीला. दुसरा लुडविक राइखमन, पोलंडचा जंतुशास्त्रज्ञ, संघाच्या आरोग्य विभागाचा प्रमुख. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर युनिसेफच्या स्थापनेत ज्याचा मोठा वाटा होता, तोच हा राइखमन.

यांना साथ मिळाली अदोल्फ फेरिएर या जिनिव्हाच्या शिक्षणतज्ज्ञाची. मुलांनी ऐकून पाठ करण्यापेक्षा स्वतः करून शिकावं, या विचाराचा तो मोठा प्रचारक. आणि हा माणूस स्वतः तरुणपणीच बहिरा झालेला होता. फेरिएर कुटुंबाच्या मालकीचं एक लाकडी घर होतं. तिथे सप्टेंबर १९२४ मध्ये शाळा भरली. मुलं किती? आठ.

शाळेचं नाव फ्रेंचमध्ये 'एकोल इंटरनॅशनाल'. आज लोक तिला थोडक्यात 'एकोलिंट' म्हणतात. शाळा ना सरकारची, ना चर्चची, ना कुठल्या एका देशाच्या वकिलातीची. पालक आणि शिक्षकांनी मिळून चालवलेली, स्वतंत्र. पुढे काही काळ तिथे वसतिगृहही चाललं, पण पाया रोज घरी जाणाऱ्या मुलांचाच.

एक योगायोग सांगतो. त्याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये, जपानमधल्या योकोहामा शहरातही एक आंतरराष्ट्रीय शाळा सुरू झाली. आदल्याच वर्षी, १ सप्टेंबर १९२३ ला, भूकंपानं ते शहर जमीनदोस्त केलं होतं. तिथले परदेशी व्यापारी आणि त्यांची कुटुंबं पुन्हा उभी राहत होती आणि त्यांना मुलांसाठी शाळा हवी होती. म्हणजे जिनिव्हात शांततेचं स्वप्न होतं आणि योकोहामात रोजची गरज. आंतरराष्ट्रीय शाळेच्या पोटात या दोन्ही गोष्टी पहिल्या वर्षापासून आहेत. कधी एक वर येते, कधी दुसरी.

नकाशा कुठून सुरू करायचा?

जिनिव्हाच्या शाळेत शिकवायचं काय, हा खरा पेच होता. इतिहास घ्या. फ्रेंच मुलगा आणि जर्मन मुलगा शेजारी शेजारी बसलेत. दोघांचे काका कदाचित एकाच खंदकाच्या दोन बाजूंना मेले असतील. त्यांना महायुद्धाचा इतिहास कुणाच्या पुस्तकातून शिकवणार?

१९२९ मध्ये शाळेची सूत्रं एका बाईंकडे आली: मारी-तेरेझ मोरेत. त्यांचे पती फर्नां मोरेत हे भूगोलाचे अभ्यासक, कामगार संघटनेत नोकरीला. वडील पॉल द्युप्युई पॅरिसमधल्या नामवंत शिक्षणसंस्थेतून निवृत्त होऊन लेकीकडे जिनिव्हाला आले आणि शाळेत भूगोल शिकवू लागले. मोरेतबाईंनी १९४९ पर्यंत, म्हणजे वीस वर्षं शाळा चालवली.

त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. आपण शाळेत भूगोल कसा शिकलो? आधी आपला जिल्हा, मग राज्य, मग देश आणि शेवटी जग. घरापासून बाहेर. इथे उलटं होतं. सुरुवात पृथ्वीच्या गोलापासून. महासागर, खंड, हवामान, माणसं काय पिकवतात आणि काय खातात. देशांच्या सीमा नंतर. विचार असा, की मुलानं आधी जग एक म्हणून बघितलं, तर पुढे स्वतःचा देश त्याला त्या जगाचा भाग म्हणून दिसेल.

दुसरा नियम भाषेचा. शाळेच्या भाषा दोन, फ्रेंच आणि इंग्रजी, आणि एकीवर कुणाचं भागणार नाही. इंग्रजी मुलाला फ्रेंच आलंच पाहिजे, फ्रेंच मुलाला इंग्रजी. हे ऐकायला सोपं वाटतं, पण यात एक मोठी समता आहे. प्रत्येक मूल दिवसातून कधी ना कधी दुसऱ्याच्या भाषेत अडखळतं. अडखळणं कुणा एकाच्याच वाट्याला येत नाही.

या सगळ्या अनुभवावर मोरेतबाईंनी १९४८ मध्ये युनेस्कोसाठी एक पुस्तिका लिहिली. विषय असा, की शांततेसाठी शिक्षण देण्याची काही ठोस तंत्रं असतात का? त्या निव्वळ उपदेश करत नाहीत. वर्गात काय करायचं, भूगोल कसा घ्यायचा, इतिहास कसा घ्यायचा, असं बोलतात. म्हणून आजही शिक्षणाच्या इतिहासात त्या पुस्तिकेचं नाव निघतं.

अलाहाबादहून आलेली मुलगी

आता एक आपल्याकडची गोष्ट. १९२६ च्या मार्चमध्ये जवाहरलाल नेहरू आजारी पत्नी कमलाला घेऊन युरोपात गेले. कमलाबाईंना क्षय होता आणि त्या काळी क्षयावर स्वित्झर्लंडची हवा हाच मोठा उपचार मानला जाई. सोबत आठ वर्षांची लेक इंदिरा. कुटुंब जिनिव्हात राहिलं आणि इंदिरेचं नाव याच एकोल इंटरनॅशनालमध्ये घातलं. शाळा तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती. भारताच्या पुढच्या पंतप्रधान तिथे बसून फ्रेंच शिकल्या.

यात एक बारीक काटा आहे. राष्ट्रसंघाच्या संस्थापक सदस्यांत भारताचं नाव होतं. पण भारत गुलाम देश. संघात भारताच्या वतीनं कोण बसणार, हे इंग्रज सरकार ठरवायचं. म्हणजे या मुलीच्या देशाला जिनिव्हात खुर्ची होती, पण त्या खुर्चीवर देशाचा हक्क नव्हता. आणि तिचे वडील १९२७ च्या फेब्रुवारीत ब्रुसेल्सला गुलाम देशांच्या परिषदेत भाग घ्यायला गेले. 'सगळे देश समान' असं शिकवणाऱ्या शाळेत त्या काळी सगळे देश स्वतंत्र नव्हते, हे विसरून चालणार नाही.

मग युद्ध आलं. १९३९ नंतर राष्ट्रसंघ कोसळत गेला, कर्मचारी कमी झाले, १९४० मध्ये कामगार संघटनेचं काम कॅनडात माँट्रियलला हललं. शाळेचे पालकच शहर सोडून चालले. पटसंख्या घसरली, पण शाळा बंद पडली नाही. युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांचं युरोपातलं कार्यालय जिनिव्हात आलं आणि शाळा पुन्हा भरली. तिकडे न्यूयॉर्कमध्येही १९४७ साली संयुक्त राष्ट्रांतल्या पालकांनी आपली आंतरराष्ट्रीय शाळा काढली. अडचण तीच: मूल संध्याकाळी घरी हवं आणि परत जायची वाटही उघडी हवी.

एकत्र वाढवायचं, शेवटी वेगळं करायचं

पण या सुंदर गोष्टीत एक खोच होती. मुलं दहा-बारा वर्षं एकत्र शिकायची, एकत्र खेळायची. सोळाव्या वर्षाच्या आसपास मात्र शाळेलाच त्यांना वेगवेगळ्या रांगांत उभं करावं लागायचं. कारण शेवटी विद्यापीठात जायचंय, आणि प्रत्येक देशाचं विद्यापीठ आपल्याच देशाची परीक्षा मानणार. इंग्रजी मुलांसाठी जीसीई, फ्रेंच मुलांसाठी बाकालोरेआ, अमेरिकन मुलांसाठी कॉलेज बोर्ड, स्विस मुलांसाठी माट्युरिते. एकाच इमारतीत चार अभ्यासक्रम, चार प्रकारचे वर्ग. काही वर्गांत मुलं इतकी थोडी, की खर्च परवडत नाही.

आदर्श म्हणत होता एकत्र, परीक्षा म्हणत होती वेगळं. आणि शाळेत परीक्षाच जिंकते, हे आपल्याला सांगायला नको.

यातून वाट काढली ती शिक्षकांनी. १९५१ मध्ये आंतरराष्ट्रीय शाळांची एक संघटना स्थापन झाली होती. तिच्या आधारानं १९६२ साली जिनिव्हात समाजशास्त्राच्या शिक्षकांची परिषद भरली. पुढाकार होता रॉबर्ट लीच या एकोलिंटमधल्या अमेरिकन इतिहास-शिक्षकाचा. म्हणणं साधं होतं: सगळ्या देशांच्या मुलांना चालेल असा आधुनिक इतिहासाचा एक अभ्यासक्रम आणि एक परीक्षा करून तर बघू. एका विषयात हे जमतंय असं दिसल्यावर बाकीचे विषय आले. पुढे ऑक्सफर्डचे अलेक पीटरसन या कामाला जुंपले. १९६७ मध्ये फ्रान्समध्ये सेव्हर इथे बैठक झाली, आराखडा ठरला, आणि १९६८ मध्ये जिनिव्हात एक संस्था नोंदवली गेली: इंटरनॅशनल बाकालोरेआ. आपण जिला 'आयबी' म्हणतो, ती हीच.

पहिल्या अधिकृत परीक्षा सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला झाल्या. सहा विषय, त्यात स्वतःची भाषा आणि एक परकी भाषा, एक दीर्घ निबंध, 'आपल्याला जे माहीत आहे ते कसं माहीत आहे' याचा एक तास, आणि वर्गाबाहेरचं काम. आज आयबीचा कुठला ना कुठला कार्यक्रम चालवणाऱ्या शाळा जगात ५००० हून जास्त आहेत. सुरुवात मात्र झाली ती बदलीवाल्यांच्या पोरांची परत जायची सोय करण्यासाठी.

तिकिटाची दिशा बदलली

आता मला जे सांगायचंय त्या मुद्द्यावर येतो.

ही व्यवस्था होती परतीचं तिकीट. परदेशात राहणाऱ्या मुलाला मायदेशी नीट परतता यावं, म्हणून. संयुक्त राष्ट्रांनी आपल्या परदेशस्थ कर्मचाऱ्यांना मुलांच्या शिक्षणासाठी भत्ता सुरू केला, त्यामागचा मूळ विचारही हाच होता: मूल पुढे आपल्या देशात पुन्हा रुजावं. आणि हा भत्ता मिळतो तो मायदेशाबाहेर नेमणूक असलेल्याला. त्याच कार्यालयातल्या स्थानिक कर्मचाऱ्याला मिळत नाही.

इथे फीचं गणित कळतं बघा. जगभरच्या अशा शाळांत बऱ्याच परदेशी पालकांची फी पूर्ण किंवा निम्मी-अर्धी मालक भरतो, मग तो संयुक्त राष्ट्रसंघ असो, वकिलात असो नाहीतर कंपनी. म्हणजे ज्याच्या हिशोबानं फी ठरते, तो बऱ्याचदा स्वतःच्या खिशातून भरत नसतो. त्याच वर्गात शेजारी बसलेल्या स्थानिक मुलाचे आई-बाप मात्र पै न् पै स्वतः भरतात. बाक एक, फी एक, पण भार वेगळा.

मग स्थानिक कुटुंबं येतात कशाला? कारण त्यांना हेच तिकीट उलट्या दिशेनं वापरायचं असतं. बाहेरच्या मुलाला घरी परतायला जे प्रमाणपत्र उपयोगी पडतं, तेच घरच्या मुलाला बाहेर जायला उपयोगी पडतं. कागद तोच, गाडी उलटी.

आपल्याकडचा प्रवास बघा. १९६२ मध्ये मुंबईत पालकांनीच एकत्र येऊन बॉम्बे इंटरनॅशनल स्कूल काढलं. भारतात आयबी पहिल्यांदा आलं ते कोडाईकनालच्या निवासी शाळेत, १९७६ मध्ये. अमेरिकन कुटुंबांची सोय म्हणून १९८१ मध्ये मुंबईत अमेरिकन स्कूल ऑफ बॉम्बे सुरू झालं. १९९७ मध्ये मुळशी तालुक्यात महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज उभं राहिलं. तोवर हे सगळं मोजक्या लोकांचं होतं. १९९१ नंतर परदेशी कंपन्या आल्या, पगार वाढले आणि मग मुंबई-पुण्यात अशा शाळांची रांग लागली. आज त्यांतल्या बहुतेक शाळांत परदेशी मुलं थोडी आणि आपलीच जास्त.

यात वाईट काही नाही. मुलानं जगात कुठेही जावं, प्रश्न विचारावेत, घोकंपट्टी करू नये, हे कुठल्या आईला नको असेल? पण मूळ रचनेतला एक भाग आपण वाटेत सांडला, असं मला वाटतं. जिनिव्हाच्या शाळेत दोन भाषा समान होत्या, आणि त्यातली एक, फ्रेंच, त्या शहराची स्वतःची होती. दूधवाल्याशी, ट्रामच्या कंडक्टरशी मूल ज्या भाषेत बोलायचं, तीच वर्गातही शिकण्याची भाषा होती. आपल्याकडच्या किती आंतरराष्ट्रीय शाळांत मराठीला ती जागा आहे?

महाराष्ट्र सरकारनं २०२० मध्ये कायदा करून सगळ्या मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची केली. कायदा आला म्हणून तासिका आली. पण तासिका असणं वेगळं आणि भाषेला मान असणं वेगळं. मुलाला मराठीचा तास म्हणजे शिक्षा वाटत असेल आणि फ्रेंचचा तास म्हणजे शान, तर ते मूल काय शिकतंय? घरापासून लांब जायला शिकतंय. परत यायचा रस्ता कुणी दाखवत नाहीये.

आणि आयबीच्या मूळ आराखड्यात स्वतःच्या भाषेतलं साहित्य शिकण्याला पहिली जागा आहे. शाळेत त्या भाषेचा शिक्षक नसला, तरी विद्यार्थ्यानं शाळेच्या मदतीनं ते साहित्य स्वतः अभ्यासावं, अशी सोयही त्यात ठेवली आहे. ज्यांनी हा अभ्यासक्रम आखला, त्यांना पक्कं ठाऊक होतं की ज्या मुलाला स्वतःचं घर नीट माहीत नाही, त्याला जग दाखवून फार काही साधत नाही.

म्हणून मंडळी, पुढच्या वेळी अशा एखाद्या शाळेत चौकशीला गेलात, तर स्विमिंग पूल आणि एसी वर्ग जरूर बघा. पण दोन प्रश्नही विचारा. पहिला: इथून बाहेर पडलेल्या मुलाला कुठे कुठे जाता येतं? याचं उत्तर ते छापील पुस्तिकेतून लगेच देतील. दुसरा: इथे शिकणारं मूल संध्याकाळी घरी आल्यावर आजीशी कुठल्या भाषेत बोलतं? या प्रश्नावर समोरचा माणूस किती वेळ गप्प बसतो, ते मोजा.

शंभर वर्षांपूर्वी आठ मुलांच्या आई-बापांना दोन्ही हवं होतं: जग आणि घर. त्यांनी त्यासाठी शाळा काढली. आपण निदान तेवढं मागू तरी शकतो.

तुमची मुलं अशा शाळेत असतील, किंवा तुम्ही तिथे शिकवत असाल, तर तुमचा अनुभव आम्हाला नक्की कळवा. पटलं नसेल तर तेही कळवा. पुढच्या भागात पुन्हा भेटू. तोवर नमस्कार.